हिरडीने घेतला काढता पाय

पेनाचं टोपण दातांनी उघडू नये, असं आई लहानपणी सांगायची. मला ते ४९व्या वर्षी पटलं. टोपण निघालं, पण रूट कॅनल केलेला वरचा पटाशीचा दात मुळापर्यंत उभा चिरला. पुढची हकीकत नेहमीची. दात काढला, जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, बसवला, हाडाने त्याला आपलंसं करेपर्यंत चार-पाच महिने थांबलो, मग त्यावर कॅप चढली. ती इतकी बेमालूम जमली होती की ‘सांगा बघू, यातला विकतचा कुठला?’ हा खेळ मी भेटेल त्याच्याशी खेळायचो. बहुतेक जण शेजारच्या खऱ्या दाताकडे बोट दाखवायचे. चाळीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केलेल्या त्या दाताने हा अपमान निमूट सोसला.

खेळ दीड वर्ष चालला. एका रात्री तोंड पुसताना कॅपच्या वरच्या कडेला, हिरडीला लागून, एक करडी रेघ दिसली. आधी वाटलं आरशावर डाग आहे. आरसा पुसला. मग वाटलं काहीतरी अडकलंय. चूळ भरली. शेवटी मोबाइलचा टॉर्च लावला, दोन बोटांनी ओठ नाकापर्यंत ओढून धरला, तरी रेघ तिथेच. हिरडी मागे सरकली होती आणि इतके दिवस तिच्या आडोशाला बसलेला धातू दारात येऊन उभा राहिला होता.

‘हिरडी उतरली’ असं आपण म्हणतो. खालच्या दातांचं ठीक आहे, पण वरच्या दाताची हिरडी उतरते ती वर चढून. रात्री साडेअकरा वाजता हा प्रश्न मी बायकोपुढे मांडला.

“मला तर काहीच दिसत नाही. झोपा आता,” ती म्हणाली.

इथे थांबलो असतो तर सुखी झालो असतो. पण मी टॉर्च तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावला, वाकून पाहिलं, आणि म्हणाली, “हां, दिसलं.” मग दिवा मालवल्यावर अंधारातून, “अहो, आता मला तेवढंच दिसत राहणार.”

दुसऱ्या दिवसापासून मी हसणं बंद केलं. म्हणजे हसू यायचं, पण ते वरच्या ओठाशी अडवायचो. त्यामुळे नाकपुड्या फुगायच्या आणि डोळे बारीक व्हायचे. एखाद्याने विनोद सांगावा आणि आपण त्याच्याकडे असं बघावं, की तो बिचारा पुढच्या वाक्यात माफी मागतो. आठवड्याभरात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने बाजूला घेऊन विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?” मी ओठ न उघडता “हं” म्हणालो. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्याच काळात मोजमाप सुरू झालं. लेकीच्या कंपासमधली प्लास्टिकची पट्टी मी रात्री हळूच काढायचो आणि दाताच्या टोकापासून हिरडीपर्यंत लांबी घ्यायचो. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांच्या माहितीसाठी सांगतो: आरशात पट्टीवरचे आकडे उलटे दिसतात, ओठ धरायला एक हात लागतो, पट्टी धरायला दुसरा आणि टॉर्चसाठी तिसरा. टॉर्च मी खांदा आणि हनुवटीच्या मध्ये दाबायचो. एका जुन्या डायरीत नोंदी आहेत. सोमवार, साडेआठ मिलिमीटर. मंगळवार, साडेआठ. बुधवार, नऊ, आणि पुढे कंसात ‘हात हलला?’

शेवटी दाखवायला गेलो. डॉक्टर तरुण होत्या, मला काका म्हणाल्या, आणि डायरी पाहून त्यांनी खालचा ओठ दाताखाली दाबला. त्यांना तो दाबता येत होता, याचाही मला हेवा वाटला.

“काका, पट्टीचं टोक म्हणजे शून्य नव्हे. टोकाला थोडी कोरी कड असते, शून्य त्याच्या पुढे. तुमचा दात आहे त्यापेक्षा आखूड मोजलात तुम्ही.”

मग “आ करा” झालं. हातात बारीक, खुणा केलेली सळई घेऊन त्या हिरडी आणि कॅपच्या फटीत अलगद टेकवायच्या आणि फट किती मिलिमीटर खोल आहे त्याचे आकडे मदतनीस मुलीला सांगायच्या. “तीन. दोन. तीन. रक्त नाही. तीन. तीन. दोन.” ती लिहून घ्यायची. तोंड उघडं असलेल्या माणसाला हे आकडे लिलावासारखे ऐकू येतात. माझी बोली किती वर जाणार, कळेना. मी विचारलं, “आ ई आ औ?” दंतवैद्यांना नुसते स्वर पुरतात. त्या म्हणाल्या, “नाही, काळजीचं नाही. रक्त येत असतं, सूज असती, फट खोल असती, एक्स-रेत हाड झिजलेलं दिसत असतं, तर गोष्ट वेगळी. तो आजार हाडापर्यंत जातो आणि इम्प्लांट घालवतो. तुमचा स्क्रू पक्का आहे. नुसती हिरडी सरकलीये.”

नुसती! घर शाबूत आहे, फक्त पुढची भिंत गेलीये.

पण मग त्यांनी जे समजावलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे धागे रुतलेले असतात, शिवल्यासारखे. इम्प्लांटला ते रुतत नाहीत. तिथे हिरडी नुसती मिठी मारून उभी असते. शिवाय खऱ्या दाताभोवती एक पातळ अस्तर असतं, तिथून हिरडीला रक्तही मिळतं. दात गेला की अस्तर गेलं. पुढच्या दातांवरचं हाड मुळात बहुतेकांचं एक मिलिमीटरहूनही पातळ. दात काढल्यावर तेही आटतं, आणि हाड आटलं की वरची हिरडी त्याच्या मागोमाग जाते. त्यात माझी हिरडी जन्मतःच झिरझिरीत.

“म्हणजे ती गेली यात माझा काही दोष नाही?” मी तोंड मिटून, सगळ्या व्यंजनांसकट विचारलं.

“तुमचा ब्रश आणलाय का?”

आणायला सांगितलं होतं, म्हणून आणला होता. पिशवीतून बाहेर काढला. त्याचे केस चारी बाजूंना आडवे झोपले होते.

“किती वर्षं झाली याला?”

“पाच आठवडे.”

दवाखान्यात शांतता पसरली. मदतनीस मुलगी लिहायचं थांबली.

त्याचं असं झालं होतं. एवढा खर्च करून दात बसवला, तर त्याची निगा नको? म्हणून मी सगळ्यात कडक केसांचा ब्रश आणला आणि मूठ आवळून, आडवा, करपलेल्या पातेल्याचा तळ घासतात तसा त्या एका दातावर दिवसातून तीन वेळा चालवला. बाकीच्या दातांना उरलासुरला फेस मिळायचा. त्यांच्या हिरड्या जागच्या जागी आहेत. ज्याचे लाड केले त्याचीच हिरडी जीव मुठीत धरून पळाली.

डॉक्टरांनी प्लास्टिकचा जबडा पुढ्यात ठेवला आणि पन्नाशीच्या माणसाला ब्रश करायला शिकवलं. मऊ केस. ब्रश मुठीत नाही, पेनासारखा तीन बोटांत. हिरडीवरून दाताकडे वळवत आणायचा, आडवा ओढायचा नाही. फटीतून छोटा बाटलीब्रश फिरवायचा, तोही तारेवर प्लास्टिकचं आवरण असलेला. चमक आणणारी खरखरीत पेस्ट बंद. पेनासारखा धरा म्हटल्यावर मला टोपणाची आठवण झाली, पण मी बोललो नाही.

घरी आल्यावर रात्री स्क्रूचा इतिहास वाचत बसलो. १९५२ साली ब्रॉनेमार्क नावाच्या स्वीडिश संशोधकाने रक्ताभिसरण पाहण्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी डबी बसवली होती. प्रयोग संपल्यावर काढायला गेला, तर डबी निघेना. हाडाने ती धरून ठेवली होती. १९६५ मध्ये त्याने पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले, आणि त्या माणसाला ते २००६ मध्ये तो जाईपर्यंत साथ देत राहिले. चाळीस वर्षं! मला त्या सशाचा नव्हे, डबीचा मत्सर वाटला. हाड असं धरून ठेवतं की संशोधकाला सोडवत नाही, आणि माझी हिरडी ब्रश दिसला की मागे सरते.

उपाय होते. काहीच न करता लक्ष ठेवणं हा पहिला. डॉक्टरांना तोच आवडत होता. कॅपचा आकार बदलणं, किंवा वर गुलाबी पोर्सेलीन लावून खोटी हिरडी करणं. हे मी नाकारलं, कारण मग ‘विकतचं कुठलं’ या खेळाची उत्तरं दोन झाली असती. आणि चौथा उपाय, टाळूतला मांसाचा पातळ तुकडा काढून हिरडीखाली सरकवणं. त्याने हिरडी जाड होते, रेघ झाकली जाते. पण इम्प्लांटवर ती पूर्ण झाकली जाईलच याची हमी नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. हिरडी नखासारखी आपणहून वाढत नाही, हेही सांगितलं, कारण माझ्या चेहऱ्यावर तो प्रश्न होता.

बायको म्हणाली, “करून टाका. मलाही दुसरं काही दिसेनासं झालंय.”

शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. भूल होती. तासाभरात माझ्याच छपराचा पत्रा काढून माझ्याच दाराला ठोकला. टाळूवर पारदर्शक प्लास्टिकची पट्टी बसवली, आणि तिच्यामुळे माझ्या बोलण्यातला ‘स’ गेला. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. मी म्हणालो, “शर, शात दिवश शुट्टी.” ते म्हणाले, “तुम्ही आराम करा,” आणि ज्या स्वरात म्हणाले त्यावरून त्यांना वेगळीच शंका आली असावी.

दुखणं सोसण्यासारखं होतं. मऊ आणि कोमट खायचं, त्या जागी ब्रश लावायचा नाही, दिवसातून दोनदा औषधी पाण्याने चूळ, तीही खळखळून नाही. चुळीच्या औषधाने जिभेची चव गेली, म्हणजे मऊ आणि कोमट जे होतं त्याचं दुःख राहिलं नाही. खरी शिक्षा कागदाच्या तळाशी, अधोरेखित होती: ‘ओठ वर ओढून टाके पाहू नयेत.’

दोन आठवडे! ज्याने दीड महिना दिवसाला चाळीस वेळा ओठ वर ओढला, त्याला हे सांगणं. ओढ बसली तर टाके सुटतात, आत लावलेला तुकडा हलतो, म्हणून ही बंदी. मी बाथरूममध्ये गेलो की बायको बाहेरून विचारायची, “काय करताय?” मी दाढी करताना आरशाकडे तिरका उभा राहायचो. पाचव्या दिवशी शिंक आली, आणि ओठ आपोआप फाकला त्या अर्ध्या क्षणात मी डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही.

टाके निघाले, महिने गेले, आणि सळई पुन्हा फिरली. “तीन. दोन. दोन.” हिरडी जाड झाली होती. रेघेचा बराचसा भाग झाकला गेला होता. एका कोपऱ्यात केसाएवढी करडी छटा उरली आहे. ती बघायला टॉर्च लागतो, आणि टॉर्च बायकोने लपवला आहे, म्हणजे फोनचं कुलूप बदललं आहे.

मी हसायला लागलो. ऑफिसातला तो सहकारी म्हणाला, “मिटलं ना सगळं? बरं झालं. वहिनींना नमस्कार सांगा.”

पट्टी मी परत लेकीच्या कंपासमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या ती माझ्यासमोर उभी राहिली.

“बाबा, माझ्या पट्टीला टूथपेस्टचा वास का येतोय? आणि टोकाला हे चावल्यासारखं काय आहे?”