कुठं शिकल्या तुम्ही?

आज दुपारी एका संस्थेतून फोन आला. शाळकरी मुलींसाठी पाळीच्या विषयावर ८ पानांचं कॉमिक करायचं होतं. बोलणी झाली होती, पैसे ठरले होते, पहिल्या ४ पानांचं पेन्सिलकाम मी पाठवूनही दिलं होतं. आणि आज त्या ताई म्हणतात, "कमिटीत विषय निघाला. तुमच्याकडे आर्टची डिग्री नाही ना, तुम्ही आपल्या आपण शिकलेल्या. तर निम्म्या पैशात करू या. तुमचं नावही होईल."

चित्रं तीच आहेत. पाठवली त्या दिवशी त्याच नंबरवरून तीन लाल बदाम आले होते.

इंकिंगला, म्हणजे पेन्सिलीवर शाई फिरवायला, बसले तर हात थरथरून राहिला, म्हणून निब पुसून ठेवली आणि इथं लिहायला घेतलं.

कुठं शिकले ते सांगते. नागपुरात बर्डीवर, मोर भवनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात. बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. १६ पानांचं पहिलं कॉमिक काढलं होतं, मारबतीवर, म्हणजे तान्ह्या पोळ्याला मिरवून जाळतात त्या पुतळ्यावर. ए-फोरवर पाठपोट झेरॉक्स मारून मधोमध घडी घालायची आणि दोन पिना मारायच्या, एवढंच माहीत होतं. ३० प्रती काढल्या. घडी घातली तर पहिल्या पानानंतर थेट चौथं. आजी मारबतीला निघायच्या आधीच मारबत जळून गेलेली. तिथेच काउंटरवर रडायला आलं.

दुकानवाले काका म्हणाले, "काहून रडून राहिली व माय? इकडे ये." चार कोरे कागद घेतले, एकात एक ठेवून मधे दुमडले आणि पेनानं पुढून मागपर्यंत १ ते १६ आकडे टाकले. मग सुटे करून माझ्यासमोर पसरले. १६ च्या शेजारी १. त्याच्या पाठीवर २ आणि १५. पुढच्या कागदावर १४ आणि ३. "बेरीज पाह्य. शेजारच्या दोन पानांची बेरीज १७ आली पाहिजे. नाही आली तं पान चुकलं." त्यांनी आयुष्यभर लोकांच्या लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका आणि भजनांच्या पुस्तिका छापल्या. ते आकडे टाकलेले चार कागद अजून माझ्या ड्रॉइंग बोर्डच्या मागे चिकटवलेले आहेत.

हे शिक्षण नाही?

कॉलेजात गेले असते तर शरीररचना लवकर कळली असती, हे मान्य. हाताची बोटं नीट जमायला मला तीन वर्षं लागली. बास, एवढंच मान्य.

बाकीचं कोण शिकवणार होतं? लेटरिंगचे, म्हणजे कॉमिकातली अक्षरं लिहायचे, जेवढे व्हिडिओ पाहिले ते सगळे इंग्रजी कॅपिटलचे, दोन रेघांत बसणारे. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, खाली उकार, त्यात जोडाक्षर आलं की संवादाचा फुगा उंच करावा लागतो. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. आता मी आधी अक्षरं लिहिते, मग त्यांच्याभोवती फुगा काढते. हे सुचायला शंभरेक पानं फाडली. उन्हाळ्यात कूलरची हवा कागदावर आली की ओली शाई फिसकटते, म्हणून ४५ डिग्रीत कूलर बंद करून इंकिंग केलं. जुन्या लॅपटॉपवर क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर बसवलं, कारण ते फुकट आहे, आणि रात्री घरचे झोपल्यावर शिकले.

आणि "छंद" हा शब्द तर डोक्यातच जातो. माझ्या बायोडेटात मावशीनं "छंद : चित्रकला" असं स्वयंपाकाच्या शेजारी लिहिलं. पाहायला आलेल्यांनी विचारलं, लग्नानंतरही काढणार का? व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टनं प्रवेश नाकारला होता, पुढे ते म्हैसूरला बी. ए. झाले, ही गोष्ट लोक किती कौतुकानं सांगतात. तेव्हा कोणी म्हणत नाही की डिग्री नव्हती, निम्मे पैसे द्या. पंचविशीतली पोरगी असली की लगेच कागद मागतात.

आपल्याच नागपुरात तान्ह्या पोळ्याला मारबतीसोबत बडगे निघतात ना? बांबू, कागद आणि रंग, आणि वर्षभराचा सगळा राग त्या एका पुतळ्याच्या तोंडावर. भाववाढ, भ्रष्टाचार, कोणाला सोडत नाहीत. आजीचं बोट धरून मी इतवारीच्या गर्दीत उभी राहायचे, आणि चेहऱ्यातलं एकच काहीतरी मोठं केलं की माणूस ओळखू येतो, हे तिथं पाहिलं. ते करणाऱ्यांना आजवर कोणी विचारलं, कुठं शिकले?

संस्थांकडे पैसा कमी असतो, हेही मला कळतं. मग पहिल्या दिवशी तसं सांगायचं. मी कदाचित कमी पैशात केलंही असतं, त्या मुलींसाठी केलं असतं. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा हातात देण्यासारखं काहीच नव्हतं कोणाकडे. पण काम पाहून झाल्यावर माझ्या शिकण्याची किंमत निम्मी करायची नाही.

काकांचं राहिलं. त्या दिवशी वाया गेलेल्या ३० प्रतींचेही पैसे त्यांनी माझ्याकडून घेतले. मला वाटलं होतं सोडतील. "धंदा आहे, पोरी." मग नव्या प्रती निघाल्या, पिना मारून झाल्या, आणि मी पहिली प्रत त्यांना द्यायला लागले तर हात मागे घेतला. "किंमत काय ठेवली?" मी घाबरत २० म्हटलं. गल्ला उघडून दहाच्या दोन नोटा काढल्या, काउंटरवर ठेवल्या, मगच पुस्तक हातात घेतलं. उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचलं. मागे दोन गिऱ्हाईकं थांबलेली होती.

माझ्या कामाचे ते पहिले पैसे.

ताईंना आत्ता मेसेज केला आहे : ठरलेली रक्कम, नाहीतर ती ४ पानं वापरायची नाहीत. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. घरी सांगितलं तर आई म्हणाली, आलेलं काम घालवतेस. घालवते तर घालवते.

सकाळी बर्डीवर जायचं आहे. नवं कॉमिक २४ पानांचं झालं आहे. काकांना आता बारीक दिसत नाही, पानं मीच लावते, ते फक्त बेरीज विचारतात. या वेळी २५.