पावसाचे खाडे

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडलेले असतात. येवला तालुक्यात मामांच्या घरी त्याच चौकटींत पावसाचे खाडे असतात. सकाळी चहाआधी मामा अंगणातलं पर्जन्यमापक बघून पेन्सिलीने आकडा टाकतात. कोरडं असेल तर फुली. २०२३ च्या ऑगस्टच्या पानावर जवळपास सगळ्या फुल्याच. मध्येच एकदा '१', एकदा '२'. हवामान खातं अडीच मिलिमीटरच्या आतला दिवस पावसाचा धरतच नाही, म्हणजे तेही खाडेच.

तो ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा. आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेरीज? सरासरीच्या ९४ टक्के. सहाच टक्के तर कमी! पण मका तुऱ्यात आला तेव्हा रानात ओल नव्हती, ते या ९४ मध्ये कुठे दिसणार? सप्टेंबरात आकडा सुधारला. मामा म्हणाले, "कागद भिजला, मका नाही."

खरं तर हे आपल्या मुंबईकरांना तरी पटायला हवं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला पंच्याहत्तरसुद्धा नाही. एकाच शहरात! तरी गावाकडे अख्ख्या महसूल मंडळाचा, म्हणजे तालुक्यातल्या बऱ्याच गावांच्या गटाचा, पाऊस एका यंत्रावर ठरतो. पूर्वी तालुक्यावर बोळवण व्हायची, त्यामानाने मंडळनिहाय केंद्रं आली हे चांगलंच झालं. पण ढगाला मंडळाची शीव कुठे ठाऊक असते? १ जुलै २०२३ ला आपल्याकडे मुंबईत पावसाळा सुरू होऊनही नळाला १० टक्के कपात लागली होती, कारण तलाव भरायला पाऊस पडावा लागतो तो तिकडे, भातसा-वैतरणेवर.

रोजच्या पावसावरून दुष्काळ मोजता येतो. ब्यून आणि विल्हाइट या संशोधकांनी १९९९ मध्येच तसा निर्देशांक मांडला: मागच्या वर्षभराचा पाऊस धरायचा, पण जुन्या पावसाचं वजन कमी कमी करत न्यायचं. कालच्या पावसाइतकी किंमत तीन महिन्यांपूर्वीच्या पावसाला नाही. मामांच्या भाषेत, ओल किती उरली ते बघायचं. महिन्याची बेरीज होईपर्यंत थांबायची गरज नाही, रोज सकाळी नवा आकडा निघतो.

आपण मात्र बेरजेची वाट बघतो. त्या वर्षी येवल्यासह ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो ऑक्टोबर संपताना. तोवर मामांनी मका कापून गुरांपुढे टाकला होता.

तुमच्या गावी कुणी असे आकडे टाकत असेल तर पानाचा फोटो कमेंटमध्ये द्या. मामांचं ऑगस्टचं पान खाली टाकतोय. कोपऱ्यातला डाग चहाचा आहे.