म्हणे सुई लावली की कॅन्सर पसरतो!

डोकं फिरतं आता. मावशीच्या छातीत गाठ लागली, डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं, लिहून दिली, तर सगळ्या आत्या-काकूंचं एकच: "सुई नको लावू गं, डिवचलं की पसरतो!" वर दाखला तयार, अमकीचं ऑपरेशन केलं आणि वारा लागून गेली. अहो, ती गेली कारण गाठ वर्षभर पदराआड लपवली होती, दुखत नव्हती म्हणून! सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही, तिथेच घात होतो. तुकडा तपासल्याशिवाय कुठला कॅन्सर, कुठलं औषध, हे ठरणार कसं? परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून उभं आहे. तिथून बऱ्या होऊन आलेल्या बायका आपल्या ओळखीत असतात, पण बोलत नाहीत. नातीचं लग्न अडेल म्हणून. मग कानावर पडतात ती फक्त गेलेल्यांची नावं.

आणि ताट-वाटी वेगळी कशाला? कॅन्सर उष्ट्याने होत नाही हो! केमोने तोंड आलेल्या बाईला शेजारी बसून मऊ भात भरवायचा, तर तिची वाटी मोरीत वेगळी विसळतात.

मावशी, तुला भीती वाटते ते कळतं मला. सोमवारी मी येते, आपण जाऊन सुई लावून घेऊ.