कार्यक्रमाच्या दिवशी पोरं घरी ठेवा म्हणणाऱ्या मेसेजला एका आईचं उत्तर

गेले आठ दिवस एक मेसेज फिरतोय. मला तो आधी अपार्टमेंटच्या ग्रुपवर आला, मग माहेरच्या ग्रुपवर, मग चक्क शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर, आणि चार दिवसांमागं आमच्या आत्यांनी (सासूबाई हो, आमच्यात आत्याच म्हणतात) मला मोठ्यानं वाचून दाखवला, कारण त्यांना तिरुपतीला जायचंय आणि हरिप्रिया एक्सप्रेसचं कन्फर्म तिकीट दिवाळीची सुट्टी लागायच्या चार दिवस आधीचं मिळतंय. म्हणजे मेसेज अगदी टायमिंग बघून आलाय.

त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं. सप्टेंबर ते नोव्हेंबर प्राथमिक शाळेत शिकवतच नाहीत, नुसते कार्यक्रम चालतात, हादगा (म्हणजे भोंडला), दसरा, वाचनाचा दिवस, बालदिन. त्यामुळं या दिवसांत पोरं घरी ठेवली तर काही बुडत नाही. महिन्यात दोन-तीन दिवसांनी काय होतंय. आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत. घरी मोबाईलवर त्याहून चांगलं शिकवतात. हजेरीचा बाऊ हे परदेशी फॅड आहे. ऊसतोड मजुरांची पोरं सहा महिने शाळेत नसतात ते सरकारला चालतं, आमचे दोनच दिवस दिसतात. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, आपण काय शाळा बुडवली नाही व्हय, झालोच की मोठे.

खाली अठ्ठावीस जणांचे अंगठे. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे म्हणून मला राग आला असं नाही, राग आला कारण यातला दुसरा मुद्दा मी स्वतः करून बसलेय, आणि त्याची किंमत लेकीनं दिली. ते सांगते पुढं.

आधी पहिला मुद्दा, कारण सगळा मेसेज त्याच्यावर उभा आहे. कार्यक्रमाच्या दिवशी शिकवत नाहीत.

पहिली-दुसरीला मार्क कसे पडतात हे कितीजणांना माहितीय? सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून पहिली आणि दुसरीला ७० टक्के भार आकारिक मूल्यमापनाला आणि फक्त ३० टक्के संकलितला, म्हणजे आपण ज्याला सहामाही-वार्षिक म्हणतो त्या परीक्षेला. तिसरी-चौथीला ६०-४०. आणि हे आकारिक म्हणजे काय, तर रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. आता सांगा, हादग्याला फेर धरताना पोरगी गाणं म्हणते ते तोंडी काम नाही तर काय आहे, आणि वाचनाच्या दिवशी गोष्टीचं पुस्तक निवडून चार ओळी वर्गापुढं वाचते तो उपक्रम नाही तर काय आहे. बाईंच्या नोंदवहीत त्या दिवसाची नोंद पडते आणि तुमचं पोरगं तिथं नसेल तर नोंद कशाची घालणार, मग प्रगतीपत्रकावर 'सहभाग कमी' असं आलं की ग्रुपवर भांडायला हेच अठ्ठावीस अंगठे पुढं.

हादग्याचं जरा जास्त सांगते कारण ते आमच्या घरात घडलंय. लेक दुसरीत होती तेव्हा वर्गात तोंड उघडत नव्हती. घरी बडबड, शाळेत मुकी. हस्त नक्षत्र लागलं, शाळेत भिंतीवर हत्तीचं चित्र लागलं, फळांच्या माळा लागल्या, आणि खिरापत ओळखायचा खेळ सुरू झाला. डबा हलवायचा, गोड का तिखट, ओला का कोरडा, असं विचारत विचारत नाव काढायचं. आता बघा, हा खेळ तोंड न उघडता खेळताच येत नाही. तिसऱ्या दिवशी ही बया मागनं ओरडली, 'कडबोळी!' आणि होती कडबोळीच. त्या दिवसापासून बाईंना उत्तरं द्यायला लागली. मी असं म्हणत नाही की हादग्यानं सगळ्यांचं असं होतं. पण त्या दिवशी 'आज काय, नुसता हादगा' म्हणून तिला घरी ठेवली असती तर?

आणि मेसेजवाल्यानं ज्या वाचनाच्या दिवसाची टिंगल केलीय तो १५ ऑक्टोबर, डॉ. कलामांचा जन्मदिवस, आपल्या राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन. ज्या घरात कॅलेंडर सोडून छापील कागद नाही तिथल्या पोराला त्या दिवशी हातात पुस्तक मिळतं, त्याला टाइमपास म्हणायचं धाडस माझ्यात तरी नाही.

यादीत एक तारीख मात्र त्यानं घातलीच नाही. ७ नोव्हेंबर. राज्यात हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, आणि का, तर १९०० साली या तारखेला बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरमध्ये १९१४ नंबरला चढलं, भिवा रामजी आंबेडकर असं. पदवी मिळाली तो दिवस नाही, शाळेत नाव घातलं तो दिवस. तेही कसल्या शाळेत, जिथं बसायला स्वतःचं गोणपाट घरून न्यायचं, कोपऱ्यात वेगळं बसायचं, आणि नळाला हात लावायचा नाही. दिवाळीची सुट्टी त्याच्या आसपास येते म्हणून हा दिवस बऱ्याचदा घाईत उरकला जातो, ही तक्रार मी समितीच्या मीटिंगमध्येही केलीय.

एक गोष्ट मान्य करते. सगळेच कार्यक्रम चांगले नसतात. स्टेजवर पाहुणे, पोरं उन्हात, ऑक्टोबर हीटमध्ये तासभर भाषण, असले कार्यक्रम मला पण नकोत, आणि गॅदरिंगच्या डान्ससाठी तीन-तीन आठवडे गणिताचा तास खायचा हे पण नको. पण त्याचं औषध मीटिंगला येऊन बोलणं आहे. कायद्यानं समितीत ७५ टक्के पालक असतात, त्यात निम्म्या बाया. मीटिंगला येतात किती, तर मी, अध्यक्ष, आणि चहा.

आता माझा घोळ. दोन-तीन दिवसांनी काय होतंय.

मागच्या वर्षी चुलत नणंदेचं लग्न होतं, गुरुवारी हळद, शुक्रवारी लग्न, शनिवारी पूजा. तीनच दिवस. सोमवारी लेक शाळेत गेली. त्या तीन दिवसांत वर्गात दशक सुटा करून, म्हणजे हातचा घेऊन, वजाबाकी झाली होती. हिला कळेना, पण ही विचारणाऱ्यातली नाही, हिनं आपली स्वतःची पद्धत काढली, मोठ्यातनं लहान वजा करायचं, वर असो का खाली. ४२ वजा १७, तर ७ मधनं २ गेले ५, आणि ४ मधनं १ गेला ३, उत्तर ३५. मी वही बघितली दिवाळीत. दीड महिना पोरगी असंच करत होती, आणि मला वाटत होतं धांदरट आहे, दोन वेळा रागवले पण. सव्वीस बेरजा-वजाबाक्यांच्या पानावर लाल गोल बघून मग डोक्यात प्रकाश पडला की ही धांदरट नाही, ही त्या गुरुवारी नव्हती.

म्हणजे बुडतं ते तीन दिवस नसतात, त्या तीन दिवसांवर पुढं जे रचलं जातं ते सगळं डगमगतं. आणि नुसता हिशोब करायचा तरी करा. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास आहेत, म्हणजे दिवसाला चार तास. महिन्याला दोन दिवस बुडवले तर दहा महिन्यांत २० दिवस. २०० तले २० म्हणजे सरळ १० टक्के, ८० तास. अमेरिकेत वर्षाचे १० टक्के दिवस बुडाले की त्याला सततची गैरहजेरी धरतात आणि सप्टेंबर महिना खास हजेरीच्या जागृतीला ठेवतात. 'महिन्यात दोनच दिवस' म्हणत म्हणत आपण बरोबर त्याच रेषेवर जाऊन बसतो, आणि वर आजारपण वेगळंच. (आजारी पोराला पाठवू नका, ताप असताना क्रोसिन देऊन वर्गात सोडणारे पालक पण मी बघितलेत, ते वेगळं प्रकरण आहे.)

झालं, अमेरिकेचं नाव काढलं की लगेच परदेशी फॅडवाला मुद्दा येणार. तर हे कोल्हापुरात बसून कुणी लिहिलं असेल तर कमाल आहे. अहो, दसरा चौकातनं रोज जाता, पुतळा कुणाचा आहे बघता का नाही? १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि जे आईबाप पोराला शाळेत धाडणार नाहीत त्यांना महिन्याला १ रुपया दंड लावला. १९१७ चा रुपया, आजचा नाही. दंड पोराला नव्हता, मास्तरला नव्हता, आईबापाला होता. आणि गंमत बघा, पुढं महाराष्ट्रात गरीब घरच्या मुलींना शाळेत आल्याबद्दल दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला, म्हणजे एकदा न येण्याचा रुपया घेतला आणि एकदा येण्याचा दिला. हजेरीची काळजी शिकायला आपल्याला विमानात बसायची गरज नाही, केएमटीच्या सिटी बसनं दसरा चौकात उतरलं तरी पुरतं.

आठवीपर्यंत नापास करत नाहीत, हा मुद्दा जुना झालाय. २०२३ मध्ये राज्यानं नियम बदलले, पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, नापास झालं तर पुन्हा परीक्षेची एक संधी, त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात. आणि चौथीपर्यंत अडवत नाहीत हे खरं, पण अडवत नाहीत म्हणूनच जास्त भीती वाटायला पाहिजे, कारण ३५ उत्तर काढणारी पोरगी तशीच तिसरीत जाते, चौथीत जाते, आणि पाचवीत एकदम सगळं अंगावर येतं.

मोबाईलवर चांगलं शिकवतात. शिकवत असतील. पण व्हिडिओला हे दिसत नाही की ऐकणारं पोरगं खिडकीतनं मांजर बघतंय. आणि खरं सांगा, शाळा बुडवलेल्या दिवशी तुमच्या घरात गणिताचा व्हिडिओ चालतो का कार्टून?

ऊसतोडीच्या मुद्द्यावर मात्र मी थांबले, कारण तो खरा आहे आणि चुकीच्या ठिकाणी वापरलाय. दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू होतो, बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आपल्या जिल्ह्यात उसाच्या फडाच्या कडेला कोप्या (त्यांच्या झोपड्या) पडतात. त्यातली सात-आठ वर्षांची पोरगी पहाटे आईबाप फडात गेले की धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करते. गावाकडं तिचं नाव पटावर असतं, पोरगी इथं. तिच्यासाठी साखरशाळा (कारखान्यापाशी भरणाऱ्या हंगामी शाळा) निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली, शिक्षण हमी कार्ड निघालं की कुठल्याही गावात गेली तरी जवळच्या शाळेत बसता यावं, आणि काही गुरुजी सायकल-मोटरसायकलवर कोप्या धुंडाळत अशी पोरं शोधून आणतात. सगळी सापडतात असं नाही, बरीच सुटतात. पण त्या आईला विचारा, पोरगीला शाळेत ठेवायची सोय झाली तर नको म्हणेल का. तिच्या पोरीची शाळा पोटापायी बुडते. आपली बुडते ती रिझर्वेशनपायी. तिचं उदाहरण पुढं करून आपली सुट्टी मंजूर करून घ्यायची म्हणजे जरा लाज वाटायला पाहिजे.

आणि आपण शाळा बुडवून मोठे झालोच की. झालो. माझ्या चौथीच्या वर्गात आम्ही चाळीस-पंचेचाळीस होतो, दहावीपर्यंत पोचलेले निम्मे तरी होते का शंका आहे. सुगीला भात काढायला म्हणून घरी राहिलेली, मग धाकट्याला सांभाळायला राहिलेली, मग आलीच नाहीत, त्यात माझी बाकावरची मैत्रीण पण होती. ती काय या ग्रुपवर नाही मेसेजला अंगठा द्यायला.

एक दिवस कधीच बुडवायचा नाही असलं मी म्हणत नाही. ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या डोंगरावर जाते, कुमारिकेच्या हातनं कोहळा फोडतात, त्या दिवशी आमच्या वर्गातली निम्मी पोरं डोंगरावर असतात आणि बाईंना ते माहिती असतं, म्हणून त्या दिवशी नवीन धडा घेत नाहीत. तो सगळ्या गावाचा दिवस आहे. हरिप्रियाचा कन्फर्म बर्थ हा सगळ्या गावाचा दिवस नाही.

हेच आत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, देवाला जायला पण बाईंची परवानगी लागते का आता. मी म्हटलं देव सुट्टीत पण तिथंच असतो. दोन दिवस बोलल्या नाहीत. काल रात्री स्वतःच मोबाईल पुढं केला, 'सुट्टी लागल्यावरचं बघ बाई, वेटिंग किती आहे ते.' वेटिंग ४१ आहे. काढून ठेवलंय. आणि शुक्रवारची खिरापत आमच्याकडं आहे, ती काय करायची यावर आता घरात नवीन वाद चालू आहे.