मधल्या काळात काय केलं?

२००६ साली मी बारावी पास झालो आणि त्याच पावसाळ्यात वडिलांनी अंथरूण धरलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओळखीच्या एका मशीन शॉपमध्ये लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, उभा राहिलो, तो आजपर्यंत उभाच आहे. दोन बहिणींची लग्नं, धाकट्याचं इंजिनिअरिंग, घरावरचा स्लॅब हे सगळं कातायला आलेल्या एकेका जॉबसारखं चकाच्या पकडीत धरून उतरवलं. यंदा स्लॅबच्या कर्जाचा शेवटचा हप्ता गेला आणि मी जेवताना जाहीर केलं, की नाईट कॉलेजला बी.ए.ला नाव घालतोय.

धाकट्याचा पुण्याहून लगेच फोन. "दादा, चांगलंय, पण उपयोग काय?"

चार वर्षं याची फी भरताना, मेसचं बिल भरताना, एटीकेटीचा फॉर्म भरतानासुद्धा हा प्रश्न माझ्या तोंडातून निघाला नव्हता. मालकांनी तर टूल पोस्ट आवळता आवळताच विचारलं, "बी.ए. झाल्यावर काय लेथ इंग्रजीत चालवणार काय रं?" तरी मोठ्या मनानं संध्याकाळी लवकर सोडायचं कबूल केलं. ओव्हरटाइम बुडणार, हे त्यांच्या आधी माझ्या लक्षात आलं होतं.

राहिली गल्ली. शाहू महाराजांनी १९१७ साली आमच्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला होता. मिशीत पांढरे केस आल्यावर जो आपणहून निघतो, त्याला दंड ठेवायचं त्यांना सुचलं नसणार. ती कसर तालमीच्या कट्ट्यानं भरून काढली. रोज नवा शेरा. "काय भावा, दप्तर घेतलंस का?" "डब्यात काय देणार हाय आई?" हसत राहायचं. दुसरा उपाय नाही.

पण हे सगळे परवडले म्हणायचे, असं कागदपत्रांनी करून दाखवलं. इतक्या वर्षांनी प्रवेश घ्यायचा तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. टायपिंगवाल्या पोरानं विचारलं, "मामा, मधल्या काळात काय केलं?" मी खुर्ची ओढून बसलो. वडिलांच्या आजारापासून सुरुवात केली, थोरलीच्या लग्नापर्यंत आलो, तोवर त्यानं प्रिंट काढलीसुद्धा. 'घरगुती अडचणीमुळे शिक्षण खंडित झाले. सदर कालावधीत मी इतर कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही व कोणत्याही गैरकृत्यात सहभागी नव्हतो.' झालं. १९ वर्षं संपली. आणि यात घरगुती अडचण म्हणजे ती स्वतः, हे थोरलीला कळलं तर ती माहेरी येऊन माझाच निकाल लावेल.

पुढं क्रेडिट बँकेचं खातं. म्हणजे पास केलेल्या विषयांचे क्रेडिट साठवायची बँक. त्याला आधार लागतं, आधारला मोबाइल जोडलेला लागतो, आणि मोबाइल जोडायला अंगठा लागतो. माझा अंगठा काही मशीनला लागेना. पुसून ठेवला, लाल दिवा. पँटला घासून ठेवला, लाल दिवा. "काका, तुमच्या बोटावर रेषाच न्हाईत की," केंद्रातली मुलगी म्हणाली. कुठून असणार? जॉब गार ठेवणाऱ्या कुलंटमध्ये भिजून आणि जॉबवरून सुटणारा गरम कीस ओढून दोन्ही अंगठे गुळगुळीत झालेत, तर्जन्यांचीही तीच गत. ती एकेक बोट लावून बघत गेली. मागं रांग वाढली, कुणीतरी पायाचा अंगठा सुचवला. अखेर डाव्या करंगळीवर हिरवा दिवा लागला. लेथवर या बाईला काही काम नसतं, ती नुसती सोबत फिरते. सरकारदरबारी मी म्हणजे आता तीच.

अभ्यासक्रमही बदललाय. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा विषय आणि पुढं ऑन जॉब ट्रेनिंग. ते वाचून मला जरा धीर आला. एक वर्ष करून थांबलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तिसऱ्याला डिग्री. आईला हे समजावलं तर ती म्हणाली, "म्हंजे मदीच सोडायची सोय बी हाय म्हण की." तिचा माझ्यावर एवढा विश्वास आहे.

सही मात्र तिचीच लागली. रॅगिंग करणार नाही, असं विद्यार्थ्यानं लिहून द्यायचं आणि खाली पालकानंही. मी फॉर्म पुढं ठेवला. चष्मा पुसून तिनं विचारलं, रॅगिंग म्हंजे काय? सांगितलं, मोठी पोरं नव्या पोरांना छळतात ते.

"मग तुला कोण छळणार? तूच त्या बारक्या पोरांस्नी छळू नको म्हणून लिहून घेत्यात व्हय?"

म्हटलं, तसंच समज. तिनं अक्षर न् अक्षर कोरून सही केली, मग पेन हातात तसंच धरून बजावलं, "कॉलेजात भांडणं आणलीस तर मी येणार न्हाई."

फी भरून आलो त्या रात्री धाकट्याचा पुन्हा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग घसा खाकरून म्हणाला, "दादा, फी किती हाय? मी भरतो."

पावती माझ्या खिशातच होती. मी आकडा सांगितला, पावतीचं बोललो नाही. दोन मिनिटांत फोनवर पैसे आले, सांगितल्यापेक्षा २ हजार जास्त. ठेवून घेतले. पुढच्या सेमिस्टरलाही परीक्षा फी असतेच की.