विषय 'टेबल' केला, म्हणजे नक्की काय केलं?

महाराष्ट्रात इंग्रजी कितवीपासून शिकवायचं, हा वाद काही मिटत नाही. २००० साली मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं, तरी माध्यमाची ओढाताण चालूच आहे. अमेरिकेतून हे सगळं वाचताना एक गोष्ट सारखी खटकते: कितवीपासून यावर एवढं भांडण, पण कुणाचं इंग्रजी, हे कुणी विचारत नाही.

'टेबल करणे' हा एकच वाक्प्रयोग घ्या. कॅगचा अहवाल विधानसभेत 'टेबल' झाला म्हणजे तो सभागृहाच्या पटलावर आला. ही ब्रिटिश संसदेची रीत. तिथले सदस्य दुरुस्त्या 'टेबल' करतात, त्या विचारात घेतल्या जाव्यात म्हणून. अमेरिकेत याच्या बरोबर उलट. इथे टेबल केलेला विषय बाजूला पडतो. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात तसा ठराव मंजूर झाला की मूळ प्रस्ताव तिथेच निकालात निघतो.

इथल्या अनेक संस्था हेन्री रॉबर्ट या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने लिहिलेल्या, १८७६ सालापासून चालत आलेल्या सभानियमांनुसार चालतात. त्यात विषय टेबल करायला अनुमोदक लागतो, साधं बहुमत पुरतं आणि त्या ठरावावर चर्चा करता येत नाही. मूळ हेतू एवढाच, की मध्येच तातडीचं काही आलं तर हातातलं काम तात्पुरतं बाजूला ठेवता यावं. ते परत घ्यायला वेगळा ठराव मांडावा लागतो. मुदतीत मांडला नाही तर विषय बारगळतो. नको असलेला प्रस्ताव चर्चेविना मारायला लोक हीच वाट धरतात. नियमांना ते मान्य नाही. त्यासाठी 'बेमुदत पुढे ढकलणे' हा वेगळा ठराव आहे आणि त्यावर चर्चा होऊ शकते. हा फरक माहीत नसलेला नवा सभासद आपला मुद्दा हकनाक गमावतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी सेनाधिकारी याच शब्दावरून बराच वेळ वाद घालत बसले होते, असं चर्चिल यांनी लिहून ठेवलं आहे. दोघांनाही हवं होतं एकच. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, त्यांची ही गत.

पुण्यातल्या टीमला अमेरिकी क्लायंटकडून 'लेट्स टेबल धिस' असा निरोप आला, तर रात्र जागून स्लाइड बनवायला बसू नका. त्याला तो विषय सध्या नको आहे. 'कधीपर्यंत थांबायचं?' एवढं विचारा आणि मिनिट्समध्ये तारीख घाला. स्वतः लिहिताना हा शब्द टाळाच. विषय घ्यायचा असेल तर 'अजेंड्यावर घेऊ', थांबवायचा असेल तर 'गुरुवारपर्यंत पुढे ढकलू', असं सरळ लिहा. शाळेतल्या वाक्प्रचारांच्या यादीतही अर्थापुढे देश लिहिला पाहिजे, इतकी साधी मागणी आपल्या वादात कुठेच दिसत नाही. कॅनडाच्या संसदेत तर ब्रिटिश अर्थच चालतो, आणि शेजारच्या अमेरिकेचा अर्थही तिथे कानावर पडतो. टोरांटोच्या माणसाला विचारूनच घ्यावं.