कॉफीवाली आजी आणि आपले खड्डे

"अमेरिकेत एका बाईने स्वतःच्या अंगावर कॉफी सांडून घेतली आणि मॅकडोनाल्ड्सकडून कोट्यवधी उकळले." हा मेसेज परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा फिरत आला. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग, आणि एका काकांचं भाष्य: "बरंय, आपल्याकडे असली थेरं चालत नाहीत."

मी वकील आहे. मोटार अपघाताचे क्लेम हे माझं रोजचं काम. त्यामुळे ग्रुपवर गप्प बसले, इथे लिहिते.

ती बाई ७९ वर्षांची होती. १९९२ मध्ये, अल्बुकर्क शहरात, उभ्या असलेल्या गाडीत बसून कपाचं झाकण काढताना कॉफी मांडीवर सांडली. ती कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला ठेवायची, असा कंपनीचाच नियम होता. मांड्या आणि जांघा इतक्या भाजल्या की दुसरीकडची कातडी काढून लावावी लागली. भाजल्याच्या सातशेच्या आसपास तक्रारी कंपनीकडे आधीच पडून होत्या. आजींनी मागितले होते २०,००० डॉलर. कंपनीने देऊ केले ८००. मग प्रकरण कोर्टात गेलं. ज्युरीने आजींचीही २० टक्के चूक धरली आणि तेवढी भरपाई कापली. पेपरांत गाजला तो भरपाईखेरीज वेगळा ठोठावलेला २७ लाख डॉलरचा दंड. कंपनीच्या साधारण दोन दिवसांच्या कॉफीविक्रीवरून काढलेला तो आकडा न्यायाधीशांनी ४,८०,००० वर आणला, आणि शेवटी दोघांत तडजोड झाली. मेसेजमध्ये यातलं काही नसतं.

हा किस्सा इतका पसरला, कारण तो पसरायला हवा असणारी मंडळी होती. भरपाईचे दावे आवरा, रकमेवर मर्यादा घाला, अशी मोहीम तिकडे जुनी आहे. टॉर्ट रिफॉर्म म्हणतात ती हीच. कॅलिफोर्नियाने १९७५ मध्येच डॉक्टरांवरच्या दाव्यांत वेदना आणि मनस्तापाच्या भरपाईला अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली. २०२२ मध्ये कायदा बदलेपर्यंत ती एका डॉलरने वाढली नाही. परिणाम काय, तर ज्यांचं उत्पन्नच नाही, म्हणजे लहान मुलं, म्हातारी माणसं, घर सांभाळणाऱ्या बायका, त्यांच्या केसेस घ्यायला वकील नाखूश. बुडालेला पगार दाखवता येत नाही, उरते ती वेदना, आणि तिच्यावर झाकण.

आता काकांच्या "बरंय" कडे येते. आपल्याकडे थेरं नाहीत हे खरं, कारण आपल्याकडे दावेच नाहीत. समजा, पुण्यात संध्याकाळी सिंहगड रस्त्याने दुचाकीवरून घरी येताय, पावसाचं पाणी साचलंय, केबलसाठी खोदलेला चर पाण्याखाली दिसला नाही. पडलात, खुबा मोडला. समोर दुसरी गाडीच नाही, त्यामुळे मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जाऊन उपयोग नाही. राहिला महापालिकेवरचा दिवाणी दावा. त्याला आधी महिनाभराची लेखी नोटीस हवी, आणि दावा सहा महिन्यांच्या आत. ज्याचा खुबा मोडलाय त्याचे पहिले तीन महिने तर पलंगावरच जातात. शिवाय कोर्ट फी रकमेच्या प्रमाणात. तिची कमाल मर्यादा महाराष्ट्राने २०१८ मध्ये तीन लाखांवरून दहा लाखांवर नेली. जितकी मोठी इजा, तितकं महाग दार! अमेरिकेत वकील भरपाईतला हिस्सा ठरवून केस घेतो, नाही मिळाली तर फी नाही. आपल्याकडे त्याला बंदी आहे. (टक्केवारी कुठेच चालत नाही, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.)

मग खोदलं कोणी, हे सिद्ध करायचं. पथ विभाग म्हणणार ड्रेनेजवाले, ड्रेनेजवाले म्हणणार केबल कंपनी, केबल कंपनी म्हणणार ठेकेदार. खरं तर कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. दिल्लीत चांदणी चौकातला घंटाघराचा मनोरा कोसळून माणसं गेली, तेव्हा १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की नीट देखभाल केलेला मनोरा असा पडत नसतो. काळजी घेतली होती हे पालिकेने दाखवावं. म्हणजे कायदा साठ वर्षं आहे. फक्त तिथवर पोचणारी माणसं नाहीत.

पोचत नाहीत ती जातात कुठे? पोलिसांकडे. आपला सगळा राग फौजदारी. २०१८ मध्ये जुन्या बाजाराजवळ होर्डिंगचा सांगाडा कोसळून चार जण गेले, २०१९ मध्ये कोंढव्यात भिंत पडून पंधरा जण गेले. अशा वेळी ठरलेलं असतं: गुन्हा दाखल, अटक, मंत्र्यांची भेट, वारसांना पाच लाख, चौकशी समिती. पाच लाख सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या कराच्या पैशातून. ज्याच्या हलगर्जीपणाने भिंत पडली त्याचा खिसा कोणी मोजतच नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा सगळं शहर पेटलं ते अल्पवयीन चालकाला मिळालेल्या जामिनावर आणि त्यासाठी घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर. पेटायलाच हवं होतं. पण मृतांच्या घरच्यांना द्यायची भरपाई किती आणि कोणी भरायची, यावर एक तरी चर्चा आठवते का?

डॉक्टर मंडळींचं म्हणणं मला माहीत आहे. दावे वाढले की डॉक्टर घाबरून नको त्या तपासण्या लिहितात. यात तथ्य आहे. पण जिथे तक्रारीचा रस्ता तुंबलेला असतो तिथे नातेवाईक काचा फोडतात, हेही इथल्या डॉक्टरांना कोणी सांगायला नको. मला दाव्याची नोटीस परवडली.

आपल्याकडेही कात्री चालतेच, फक्त तिचा गाजावाजा होत नाही. मोटार अपघाताच्या क्लेमला १९९४ पासून मुदतच नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आली. किती जणांनी वाचलं? घरातला कमावता गेला की सहा महिने तेराव्यात, बँकेत आणि वारस दाखल्यात जातात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख, जखमीला ५० हजार ते अडीच लाख, असा आदेश दिला. चांगलं पाऊल. पण रक्कम ठरवणाऱ्या समितीत विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांबरोबर खुद्द महापालिका आयुक्त. ज्याच्यावर तक्रार, तोच पंगतीत वाढपी. आणि सव्विसाव्या वर्षी गेलेल्या कमावत्या मुलाचे सहा लाख ही भरपाई म्हणायची का? न्यायाधिकरणात उत्पन्न आणि वय धरून हिशेब केला, तर कितीतरी जास्त निघतात.

तर खड्ड्यात पडलात की उठता येत नसलं तरी कोणाला तरी त्याच दिवशी खड्ड्याचे फोटो काढायला सांगा, शेजारचा खांब किंवा दुकानाची पाटी दिसेल असे. खड्डा आठवड्यात बुजतो आणि पुरावाही त्याच्याबरोबर जातो. दवाखान्यात "घरी पडलो" असं चुकूनही सांगू नका, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची अपघाताची वैद्यकीय नोंद, करून घ्या. बिलं जपा, नोटीस महिन्या-दोन महिन्यांत जाऊ द्या.

आणि कमेंटमध्ये "मॅडम, माझी केस सांगतो" असं लिहू नका. कागद बघितल्याशिवाय मी मत देत नाही.